मेलेल्या हत्तीची जागा

कॉलेजात शिकवायला लागल्यावर माझं पहिलं जाहीर व्याख्यान ठरलं. विषय होता साहित्यात आणि तत्त्वज्ञानात येणारं बुद्धिबळ. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे ते नीट व्हावं याची मला फार काळजी होती.

रविवारी बमरोलीच्या घरी मी ते अण्णांना, म्हणजे वडिलांना, वाचून दाखवलं. अण्णांनी आयुष्यभर कापडाच्या कारखान्यात लूम चालवले आणि सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळले. मलाही त्यांनीच शिकवलं. ताई शेजारी बसून साडीला खडे चिकटवत होती.

नशिबाचा पट, त्यावरची मोहरी हलवणारा न दिसणारा हात, असं सगळं मी वाचत गेलो. शेवट मला विशेष आवडला होता: प्यादं मागे वळत नाही, चालत राहिलं तर शेवटच्या घरात वजीर होतं, माणसाचंही तसंच आहे.

अण्णा म्हणाले, "आपल्यात असं कुठे असतं?"

मी विसरूनच गेलो होतो. अण्णांच्या, गावाकडून आलेल्या खेळात प्यादं ज्या रांगेतून वर पोचतं, त्या रांगेचं मोहरं होतं. कडेच्या रांगेतून गेलं तर हत्ती. तोही आपला हत्ती आधी मेला असेल तरच.

"अण्णा, ते गावठी नियम. जगात असं खेळत नाहीत."

"जग खेळू दे कसंही. जागा रिकामी झाल्याशिवाय प्याद्याला बसवणार कुठे?"

माझी नजर ताईकडे गेली. ताई माझ्यापेक्षा हुशार होती. आई गेली त्या वर्षी तिने नववीतून शाळा सोडली, घर सांभाळलं, हे खड्यांचं काम धरलं. म्हणून मी शिकलो. हे मी तिला कधी बोललो नव्हतो, आणि माझ्या वीस पानांत तर ती कुठेच नव्हती.

शेवटचं पान मी बाजूला काढलं आणि त्या जागी काय लिहिणार ते तिला सांगितलं. "नाव घेणार नाही तुझं. चालेल ना?"

"म्हणजे मी मेलेला हत्ती? अण्णा, बघा, काय म्हणतोय!"

"मेलेली कुठे दिसतेस? हत्ती मात्र शोभतेस," अण्णा म्हणाले.

ती हसली. मग खडा चिकटवता चिकटवता म्हणाली, "सांग. पण बिचारी म्हणू नकोस."

गुरुवारी व्याख्यानाला दोघंही आली आणि मागच्या बाकावर बसली. मी अण्णांचा नियम सांगितला आणि एका मुलीने मोकळ्या केलेल्या जागेबद्दल सांगितलं. बिचारी म्हटलं नाही. पुढची चार वाक्यं मात्र कागदात बघूनच वाचली, मान वर करवेना.

संध्याकाळी घरी आल्यावर ताईने साड्यांचा गठ्ठा भिंतीकडे सरकवला.

"हत्ती चालतो कसा, ते तरी दाखव. मला कुणी हा खेळ शिकवलाच नाही."

अण्णा पट काढायला उठले.