आमच्या वर्गातली उमेदवारी

काही घरांत भांडी साठतात, काही घरांत पुस्तके. माझ्याकडे गेली काही वर्षे किस्से साठत आहेत, आणि त्यांना ठेवायला फडताळ लागत नाही, एवढी तरी सोय आहे. कोणी भेटायला आले, चहा झाला, की एखादा आपणहून बाहेर येतो. तो संपतो न संपतो तोच दुसरा उंबऱ्यावर उभा असतो. बरे, हे किस्से माझे नव्हेत. ते आमच्या वर्गाचे आहेत.

जालन्यात मोंढ्याच्या धान्यबाजारामागच्या गल्लीत, एका जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत हा वर्ग भरतो. दिव्यांग मुलामुलींना कामाची रीत शिकवायची आणि मग अनुभवासाठी त्यांना एखाद्या दुकानात किंवा कचेरीत पाठवायचे, असा त्याचा उद्देश. जाधव सर मोटारसायकलवरून हिंडून अशी दुकाने शोधतात. ते याला 'इंटर्नशिप' म्हणतात. मी जुन्या मॅट्रिकची. मी 'उमेदवारी' म्हणते.

मला त्यांनी बोलावले, तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही पोरांना सॉफ्ट स्किल शिकवा."

मी विचारले, "म्हणजे काय?"

"म्हणजे वेळेवर येणं, नीट बोलणं, सांगितलेलं काम पुरं करणं."

"याला आमच्या वेळी शिस्त म्हणत," मी म्हटले. "आणि ती मुळीच सॉफ्ट नव्हती!"

जाधव सर म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला बोलावलं."

*

पहिल्या महिन्यात मी मुलाखतीचा सराव घेतला. नोकरी देणारे लोक काय विचारतात, याची जाधव सरांनी मला कल्पना दिली होती. त्यातला एक प्रश्न मला विलक्षण वाटला: 'तुमच्यातील एखादी उणीव सांगा.' आपली उणीव परक्या माणसाला आपण होऊन का सांगावी, हे मला अद्याप कळलेले नाही. तरीही नेमून दिलेला प्रश्न म्हणून मी तो विचारला.

समोर गणेश बसला होता. धावडा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याला जन्मापासून दिसत नाही. तो खुर्चीत ताठ बसला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या होत्या.

मी म्हटले, "गणेश, तुमच्यातील एखादी उणीव सांगा."

तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "बाई, तुम्हाला दिसून नाही राह्यली का?"

मी प्रश्नांचा कागद चाळू लागले.

"मंग आपण दोघं एकाच बाकावर बसू," तो म्हणाला.

तो प्रश्न मी त्या दिवसापासून गाळला.

*

याच गणेशला जाधव सरांनी एका कचेरीत टेलिफोनच्या कामावर पाठवले. आठवडा झाल्यावर मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि काय काय शिकलास ते सांग, असे म्हटले.

"पंख्याखाली बसलो," तो म्हणाला.

"आणि?"

"चहा पेलो."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पंख्याखाली बसलो. तो साहेबाच्या खोलीत होता."

मागच्या बाकावरून मुमताज म्हणाली, "मंग तुझं प्रमोशन झालं की रे!"

सगळे हसले. मुमताज हसली नाही. ही मुलगी दोन कुबड्यांवर चालते. पायांत बळ नाही, पण हात असा स्थिर की सुईत दोरा ओवायचा झाला तर मी तिलाच हाक मारते. घरी तिची अम्मी आणि मोठा भाई. भाईने तिला एवढीच संधी दिली होती: एकदा काय ती उमेदवारी कर, त्यांनी कामावर ठेवून घेतले तर ठीक, नाहीतर मुकाट्याने घरी बस.

ती मला म्हणाली, "बाई, माझ्यासाठी पंखा नसलेलं दुकान पाहायला सांगा."

*

पुढे आम्ही वर्गातच एक दुकान मांडले. रिकामे डबे, तराजू, आणि टेबलामागे मी. मी शेठ.

कैलास हा नोकर. त्याला गोष्ट समजायला वेळ लागतो; पण एकदा समजली की ती दगडावरची रेघ. मी म्हटले, "कैलास, कृपया एक किलो साखर मोजून द्यावी."

सगळा वर्ग हसू लागला. मी कारण विचारले.

मुमताज म्हणाली, "बाई, असा सेठ अख्ख्या जालन्यात न्हाई."

कैलासने मला समजावून सांगितले, "सेठ आधी बोलत न्हाई, बाई. आधी मोबाईल पाहतो. मंग वर न बघता वरडतो, 'अरे, झालं का न्हाई अजून?'"

मला हे सर्व नवीन होते. मी एवढे आयुष्य 'कृपया' म्हणण्यात घालवले. परंतु विद्यार्थ्यांना खऱ्याची सवय व्हायची, तर खोटे करणारानेही ते नीटच केले पाहिजे. मी घरी आरशासमोर सराव केला. दोन-तीन दिवसांनी वर्गात मोबाईल हातात धरला, त्याकडे पाहिले आणि ओरडले.

शेजारचा पंप दुरुस्त करणारा पाना हातात घेऊन धावत आला. "काय झालं, बाई? साप निघाला का?"

कैलास शांतपणे म्हणाला, "न्हाई. बाई सेठ झाल्या."

*

कैलासची उमेदवारी राजूरला, गणपतीच्या देवळाजवळच्या एका पेढ्याच्या दुकानात लागली. जाताना मी त्याला नियम सांगितले. हात धुवायचे, गिऱ्हाइकाला नमस्कार करायचा, आणि पाच वाजता काम थांबवून बस धरायची. कारण शेवटची सोयीची बस चुकली, तर त्याची आई जीव टांगणीला लावून बसते.

चतुर्थीला मला दुकानदाराचा फोन आला. मागे गर्दीचा कल्लोळ.

"बाई, हा पोरगा पेढे मोजता मोजता थांबला! अर्धे पारड्यात, अर्धे हातात! म्हणून राह्यला पाच वाजले. बाहेर माणसं उभी हायेत, बाई!"

मी म्हटले, "त्याला फोन द्या." कैलास आला. मी त्याला सांगितले की चतुर्थीला गर्दी असते, हातातले गिऱ्हाईक पुरे करावे, मग निघावे. त्याने सगळे ऐकून घेतले. नियम खरेच बदलला, की कोणी मला चुकीचे बोलायला लावत आहे, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने फोन समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला.

"यांच्याशी बोला," मला त्याचा आवाज ऐकू आला. "ह्या आमच्या मोठ्या सेठ हायेत."

आणि एक अनोळखी गृहस्थ मला काकुळतीने म्हणाले, "ओ मॅडम, पावशेरच राह्यलेत. जल्दी सोडा की!"

मी परवानगी दिली.

*

गणेशचा आणखी एक. एके सकाळी तो जालन्याच्या बसस्थानकाबाहेर जाधव सरांची वाट पाहत उभा होता. दहाच्या सुमारास मला त्याचा फोन.

"बाई, आज उशीर होईल. एका भल्या माणसानं मला अंबडला पाठवलंय."

"अंबडला? तुला जायचे होते?"

"न्हाई."

"मग सांगायचे नाही का?"

"मी सांगेपर्यंत त्यानं हात धरून गाडीत बसवल्तं. तिकीट पण काढलं. खिडकीची जागा दिली, बाई! त्याचं मन कसं मोडू?"

अंध मुलाला खिडकीची जागा का दिली असेल, याचा मी दिवसभर विचार केला. संध्याकाळी गणेशलाच विचारले. तो म्हणाला, "वारा छान लागतो."

*

आता मुमताज. तिला पंखा नसलेले दुकान मिळाले. स्टीलच्या भांड्यांचे. तेथे आहेराच्या ताटा-वाट्यांवर यंत्राने नाव घालून देतात. तिने ते यंत्र आठवडाभरात हाताखाली आणले. शेठ म्हणाले, लग्नसराई संपेपर्यंत पाहू, मग ठेवायचे की नाही ते ठरवू.

मी पाहणीसाठी गेले, तर मुमताज दिसेना. गल्ल्याच्या मागे फुलाफुलांचा पडदा होता आणि पडद्यामागून यंत्राची घरघर येत होती.

मी शेठना विचारले, "हा पडदा कशासाठी?"

"ऊन येतं, बाई."

"ऊन उत्तरेकडून येते का?"

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज हळू केला. "बाई, लग्नाची गिऱ्हाइकं. शुभकार्याची भांडी. कोणी मनात काही आणलं तर…"

"काय आणले तर?"

"तुम्ही समजता की."

"समजत नाही, म्हणूनच विचारते."

शेठनी टोपी काढली, पुन्हा घातली. "काम झकास हाय तिचं. पण ठेवायचं म्हणलं तर असंच ठेवता येईल. आत. समोर न्हाई जमणार."

मी पडदा बाजूला करून आत गेले. मुमताजने सगळे ऐकले होते. मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "बाई, तुम्ही मधी पडू नका. मला इथं काम करायचंय. पण मोरीत ठेवल्यासारखं न्हाई. माझं मी पाहते."

ती काय पाहणार होती, हे मी तिला विचारले नाही. मात्र दुसरे काही सुचेना. भाईला काय सांगायचे, अम्मी काय म्हणेल, हेच डोक्यात.

लग्नाच्या मोठ्या तिथीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले. आहेर घ्यायचा आहे, असे निमित्त केले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ गिऱ्हाइकांना पातेली दाखवत होते, पाठ फिरवायला फुरसत नाही. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिले.

पडद्याची दांडी रिकामी होती. खाली, साऱ्या दुकानासमोर, कुबड्या भिंतीला टेकवून मुमताज बसली होती. तिने यंत्र थांबवले, ताट उचलले, आणि एका फुलाफुलांच्या फडक्याने ते असे पुसले की त्यात तिचा चेहरा दिसावा.

शेठ वळले. आधी दांडीकडे पाहिले, मग फडक्याकडे.

"मुमताज! पडदा कुठंय?"

"नाव घातल्यावर ताटावर बोटं उमटून राह्यले, सेठ," तिने मान वर न करता सांगितले. "पुसायला फडकं नव्हतं."

"अगं म्हणून पडदा फाडला?"

"सगळा न्हाई. अर्धा हाय अजून."

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी अत्यंत लक्षपूर्वक एका परातीची किंमत वाचत होते.

तेवढ्यात भोकरदनकडची एक आजी, डोक्यावर पदर, हातात ताटांची चळत, गर्दीतून वाट काढत पुढे आली. "ओ भाऊ, नाव कुठं सांगायचं? आमची गाडी जाईल ना!"

शेठची नजर फिरली. दांडी, आजी, मुमताज. मग हात लांब करून म्हणाले, "तिकडं. तिला सांगा." आणि मुमताजवर गरजले, "उद्यापासून फडकी मी आणून ठेवीन, समजलं? दुकानातली चीज फाडायची न्हाई!"

"जी, सेठ."

आजी तिच्यासमोर बसकण मारून बसली. मुमताजने पहिले ताट मांडीवर घेतले.

"आजी, पुरं नाव घालू, का नुसतं आडनाव?"