साडूंचं मशीन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, माझे साडू वारले.

ते मूळचे जळगाव जामोदकडचे. तिकडे हट्टी माणसं पुष्कळ असतील, पण एका संगणकापायी सगळ्या कार्यालयाशी वर्षानुवर्षं एकट्याने भांडणारा माणूस तिकडे एकच झाला, आणि तो माझा साडू होता. देऊळगाव राजाला पाणीपुरवठा योजनांचे नकाशे काढणारं एक खाजगी कार्यालय आहे. तिथे आम्ही दोघे शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. मी आणि बाकीचे सगळे विंडोजवर, ते लिनक्स या फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर. त्यांनी केलेला नकाशा सरकारी कचेरीत गेला की तिथून फोन यायचा, फाईल उघडत नाही. साडू शांतपणे म्हणायचे, "माह्याकडे तं उघडून राह्यली." मग साहेब माझ्याकडे बघत, आणि मी तो नकाशा माझ्या मशीनवर घेऊन, फॉन्ट न जुळल्याने नुसते चौकोन झालेली गावांची नावं एकेक करून पुन्हा टाइप करी. साडू तोवर चहा सांगत. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

प्रचार मात्र ते कुठेही करत. पुतण्याच्या लग्नात पाकीट द्यायचं सोडून त्यांनी नवरदेवाच्या हातात लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह ठेवला आणि सासरच्यांसमोर ते संगणकावर कसं चढवायचं हेही समजावलं. पासवर्ड त्यांनी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवला होता. असा उघड्यावर कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "काऊन? तुमच्यापैकी कोनी बसनार हाये का याच्यावर?" कोणी बसणार नव्हतं, हे खरंच होतं. "साडभाऊ, एकडाव बसून तं पाहा," असं ते मला अधूनमधून म्हणत, आणि मी हातातलं काम दाखवी.

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे ते मशीन बंद होत नसे. वीज गेली तरी ते चालू राहावं म्हणून त्यांनी घरचा इन्व्हर्टर उचलून कार्यालयात आणला. घरी ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मेणबत्तीच्या उजेडात भाकरी थापायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या घरचा लाइट हापिसात नोकरीले लागला." खंडेनवमीला तर दरवर्षी वाद. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती, म्हणून साहेब सगळे संगणक बंद करायला लावत आणि मग हळदकुंकू वाहत. साडू आपलं मशीन बंद करू देत नसत. "पोळ्याले बैलाले निजवून पूजतेत का साहेब? उभ्या बैलाचीच पूजा होते." मग चालत्याच मशीनची पूजा होई. गेल्या खंडेनवमीला भटजींनी कळफलकावर झेंडूचं टपोरं फूल ठेवलं. कुठलीशी कळ दाबली गेली आणि आरती संपेपर्यंत पडदा एकाच अक्षराने भरून गेला. आम्ही हसलो. साडूंनी हात जोडून म्हटलं, "देव पयल्यांदाच बसला याच्यावर. शिकंल हळूहळू."

यंदा श्रावणात ते दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो की तब्येतीचं विचारायच्या आत तेच विचारत, "मशीन चालू हाये ना?" मी हो म्हणे. रोज सकाळी मी ते बघतच होतो. शेवटच्या भेटीत त्यांना बोलायला त्रास होत होता. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "चालू आहे."

नवरात्र लागलं तसं साहेब म्हणाले की साडूंच्या टेबलावर नवा माणूस येतोय, ते मशीन पुसून त्यावर विंडोज टाकायला हवं. साहेब वाईट माणूस नाही. वापरणारं कोणी असेल तर राहू द्या, असंही ते म्हणाले आणि सगळ्यांकडे बघितलं. सगळे आपापल्या पडद्याकडे वळले.

"मी वापरतो," मी म्हटलं.

"तुम्हाला येतं?"

"पासवर्ड येतो."

साहेबांनी मॉनिटरवरची चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, तुमचं मशीन नव्या माणसाला द्या.

खंडेनवमीला सगळे संगणक बंद झाले. हे मशीन झालं नाही. मी काही म्हणायच्या आत भटजींनीच फूल उचलून कळफलकाच्या बाजूला ठेवलं. ताईने इन्व्हर्टर परत मागितलेला नाही.

माझे नकाशे कचेरीत उघडत नाहीत. नव्या माणसाला गावांची नावं पुन्हा टाइप करावी लागतात, तेव्हा चहा मी सांगतो. कार्यालयात लिनक्सवर आता मी एकटा आहे. मशीन चालू आहे.