शनीला सोडलेला जोड

शनी अमावास्येला देवळाबाहेर कुणीतरी सोडून गेलेला बूट तुमच्या मापाचा निघाला, धडधाकट निघाला, आणि उद्या तुम्हाला बुटाची गरज असली, तर तुम्ही तो पायात घालाल का?

लगेच हो म्हणू नका. हो म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. सोलापूरच्या मंगळवार बाजारात आमच्या ताडपत्रीसमोर उभे राहून ते हो म्हणतात आणि पाय मात्र स्वतःच्या चपलेतून बाहेर काढत नाहीत.

ताडपत्री माझ्या पिन्नीची. पिन्नी म्हणजे मावशी. आमचं विणकरांचं घर, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. बरीच वर्षं ती जुने बूट घेते, धुते, पॉलिश करते आणि विकते. गुडघे दुखायला लागल्यापासून वाकून ढीग उपसणं तिला जमत नाही, म्हणून माल निवडायला मी जाते. कॉलेज संपलंय, नोकरी लागायचीय, आणि मला एका जागी बसवत नाही. पिन्नीच्या मते या कामाला एवढी पात्रता पुरते.

भंगारवाला शहराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये पोती उलटी करतो आणि बाजूला होतो. मग ज्याचा हात चपळ त्याचा माल. बुटाचा चेहरा बघून भुलायचं नाही, चेहरा पॉलिशनं येतो. बूट उलटा करायचा, सोल वाकवायचा. फार दिवस पडून राहिलेला सोल वरून ठणठणीत दिसतो आणि वाकवला की त्याचा भुगा पडतो. टाच एकाच बाजूनं झिजली असेल तर सोडून द्यायचा, कारण तो बूट आधीच्या माणसाची चाल विसरत नाही. आतला सुकतळा उचलून वास घ्यायचा. आणि जोड जुळवायचा. एक बूट हातात, दुसरा ढिगात कुठंतरी, आणि शेजारचा दुकानदार त्याच ढिगात हात घालतोय. दुसरा सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

त्या शेडच्या कोपऱ्यात एक ढीग वेगळा पडलेला असायचा. तो शनीचा. शनिवारी अमावास्या आली की माणसं देवळात तेल वाहतात आणि पायातलं तिथंच सोडून अनवाणी घरी येतात. चपलेबरोबर पनवती, म्हणजे मागं लागलेली पीडा, तिथंच राहते अशी समजूत. दुसऱ्या दिवशी परिसर झाडला जातो आणि ढीग भंगारात येतो. ओळखायला सोपा असतो. चवड्यावर तेलाचे डाग, आत एखादा उडदाचा दाणा, कधी रुईचं वाळकं पान.

बहुतेक लोक शनीलाही फसवतात. घरातली सगळ्यात फाटकी चप्पल घालून जातात आणि तीच सोडून येतात. पण त्या ढिगात मधूनच एखादा खणखणीत जोड लागतो, नाड्या नीट बांधलेल्या. तो हातात आला की मी अस्वस्थ होते. चांगला बूट सोडणारा माणूस नाटक करत नसतो. त्याच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं, नाहीतर कोर्टाची तारीख लागलेली असते. त्याची भीती मी हातात धरलेली असते, आणि भंगारवाला ती किलोवर देतो.

बाजारातलं कुणी तो ढीग घेत नसे. निदान घेतो असं कुणी सांगत नसे.

मला ते सहन होईना. त्याला कारण माझे वडील, आमचे नायना. ते यंत्रमागावर काम करायचे आणि सुटीच्या दिवशी पत्रकं वाटायचे. माझी बाराखडी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर झाली. पुढच्या बाजूला कामाचे तास, हुंडा, बुवाबाजी. मागच्या बाजूला माझा क, ख, ग. भाकरी त्यातच गुंडाळलेली, खिडकीच्या फुटक्या काचेला तेच चिकटवलेलं. अशा घरात वाढलेल्या मुलीनं शनीचा ढीग बघून मान फिरवायची म्हणजे घरातला सगळा कागद फुकट गेला.

"मी तो ढीग घेणार," मी पिन्नीला म्हणाले. "आणि लपवून नाही. पुठ्ठ्यावर लिहून ठेवणार, शनीला सोडलेले बूट, मजबूत आणि स्वस्त."

"धंदा करायचाय का सभा घ्यायचीय?"

"दोन्ही."

"मग सभेतच बस की. माझ्या ताडपत्रीवर कशाला?"

तिला भीती शनीची नव्हती. "माझ्याकडं माणसं का येतात सांग. मी फसवत नाही म्हणून येतात. एकदा का ही शनीचा माल विकते असं पसरलं, की संपलं. मग पुठ्ठा खाऊन पोट भरायचं का?"

दोन दिवस आम्ही भांडलो. शेवटी तडजोड झाली. पुठ्ठा लागणार नाही, ही तिची अट. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, ही माझी. गिऱ्हाईक तुटलं तर शनीचा ढीग परत ताडपत्रीवर दिसणार नाही, हे तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

धुतलेला बूट वाळताना आकसू नये म्हणून चवड्यात कागद कोंबतात. ते काम पिन्नी बसल्या जागी करते. ती तेलुगू शाळेत शिकली. मराठी फाडफाड बोलते, वाचत नाही. कपाटावर नायनांचा एक जुना गठ्ठा होता, तो तिनं घेतला आणि एकेक पत्रक चुरगाळून बुटात घातलं. मी शेजारीच तेलाचे डाग घासत होते. कोणतं पत्रक आहे हे मी पाहिलं नाही.

मंगळवारी उन्हं चढल्यावर एक पोरगा आला. मंगळवेढ्याकडचा, एसटीनं आलेला, पायात अंगठा तुटलेली चप्पल. पुणे रोडवरच्या एका कारखान्यात गेटवर सिक्युरिटीचं काम लागत होतं. गणवेश कंपनी देणार, काळे बूट ज्याचे त्यानं आणायचे, आणि उद्या सकाळी बूट नसले तर दुसरा माणूस तयार उभा होता. हे सगळं त्यानं आमच्या पुढ्यात उकिडवं बसता बसता सांगून टाकलं.

"पाय लई मोठा हाय माझा," तो म्हणाला. "समदा बाजार पालथा घातला. कुटंच बसंना."

मी शनीच्या ढिगातला सगळ्यात चांगला जोड पुढं केला. काळं कातडं, जाड सोल, टाच सरळ. त्यानं हात आत घातला आणि चवड्यातला कागद बाहेर काढला. टाकून द्यायचा सोडून त्यानं तो गुडघ्यावर ठेवून सपाट केला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"शनीला चप्पल सोडल्यानं संकट सुटत नाही. तुमची पीडा तुमच्या चपलेत नाही..."

नायनांची वाक्यं रस्त्यात चालता चालता वाचता येतील एवढीच असायची. तो मात्र थांबून थांबून, शेवटपर्यंत वाचत गेला. मग बुटाकडं बघितलं, चवड्यावरून बोट फिरवलं. डाग मी घासला होता, तरी उन्हात किंचित काळसर दिसत होता.

"ताई, ह्यो शनीचा हाय का?"

पिन्नीचा पॉलिशचा ब्रश थांबला. शेजारी पट्टे विकणारे चाचा कान देऊन बसले. बाजूला एक बाई मुलीसाठी सँडल बघत होती, तिचा हातही थांबला.

"हो," मी म्हणाले.

बाईनं सँडल खाली ठेवली.

"मंग कागद आत कशाला घातला? उतारा म्हनून?"

"उतारा कसला? आकार राहावा म्हणून कागद घालतात." आणि मग माझं सुरू झालं. कातडं म्हणजे काय, तेल म्हणजे काय, कुणाची पीडा कुणाच्या पायाला कशी चिकटेल. तो मान डोलवत ऐकत होता.

"पटतंय की," तो म्हणाला. "मला समदं पटतंय. पर आई इचारंल, बूट कुटनं आनला."

"सांगू नकोस तिला."

"म्हंजी तुमी खोटं बोलायचं न्हाय आन् म्या बोलायचं."

चाचा हसले. पिन्नीनं माझ्याकडं अशी नजर टाकली की पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. पोरगा बुटात पाय घालायचा आणि काढायचा. पुन्हा घालायचा. बूट त्याला असा बसत होता जणू त्याच्याच पायावर बेतलेला. पण नाडी बांधायला हात पुढं होत नव्हता. उठून निघाला असता तर बुटाशिवाय निघाला असता, आणि उद्याचं गेटवरचं काम गेलं असतं.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या पायापुढचा जोड ओढला, माझ्या सँडल काढल्या आणि ते दोन्ही बूट पायात घातले. माझे पाय त्यात होडीत बसल्यासारखे. मी फटाक फटाक करत चाचांच्या दुकानापर्यंत गेले, तिथून भाजीवालीपर्यंत, आणि परत आले.

"पिन्नी की छोकरी फॅशन शो करने लगी रे," चाचा ओरडले.

"हे बघ," मी पोराला म्हणाले, "काही झालं का मला?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत निरखलं. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"आता ह्यो शनीचा न्हाय," तो म्हणाला. "आता ह्यो ताईचा. आईला सांगतो, एका ताईच्या पायातला घेतला. खोटं न्हाय की ते."

त्यानं नाड्या बांधल्या, पैसे दिले आणि निघाला. दहा पावलांवर जाऊन मागं वळला.

"ताई, तुमी जपून ऱ्हावा."

सँडल ठेवून दिलेली ती बाई तिथंच होती. तिनं तेलाचा डाग असलेली एक चप्पल उचलून माझ्यापुढं धरली. "आधी तू घाल."

घरी जाऊन मी नायनांना सगळं सांगितलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्यानं सांगावं लागतं.

"वाचलं त्यानं?" त्यांनी विचारलं.

"वाचलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. मोठ्यानं."

ते खूश झाले. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही असं नाही, सांगितलं. तो पटलं म्हणून बूट घेऊन गेला नाही, पीडा माझ्या अंगावर आली असं समजून गेला. नायनांनी गठ्ठ्यात उरलेलं एक पत्रक मागून घेतलं आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "पत्रकात वाक्य कमी पडलं." कोणतं ते मात्र त्यांनाही सुचलं नाही.

तेव्हापासून असंच चाललंय. गिऱ्हाईक तुटलं नाही, वाढलं. पिन्नी खूश आहे. तिनं माझ्यासाठी जाड मोजे आणलेत. माणसं स्वतःहून विचारतात, शनीचा आहे का, मी हो म्हणते, आणि ती जोड माझ्याकडं सरकवतात. मी घालते, भाजीवालीपर्यंत जाते, परत येते, मग ते विकत घेतात. मी विवेक शिकवायला ढीग उचलला होता आणि लोकांनी मलाच देवळाची पायरी केली. परवा त्या पोराच्या गावचा एक जण आला. पोरगा गेटवर उभा राहतोय म्हणे, तेच बूट घालून. "त्यानं इचारलंय," तो म्हणाला, "ताईची तब्येत बरी हाय का."

बरी आहे. फक्त मंगळवारी पाय भरून येतात आणि डोकं शांत होत नाही. एका मंगळवारी मी नाही म्हणून बघितलं. बूट तसेच ताडपत्रीवर राहिले, आणि अनवाणी पोरं घेऊन आलेली एक आई तशीच निघून गेली. पुढच्या मंगळवारी मी पुन्हा मोजे चढवले.

म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही हे वाचताय, शेवटपर्यंत वाचलंत. पुढच्या मंगळवारी बाजारात या. आमच्या ताडपत्रीवर तेलाचा डाग असलेला जोड शोधा, उलटा करा, सोल वाकवून बघा. बूट चांगला असेल तर मी हात पुढं करायच्या आत, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या पायात घाला. आणि भाजीवालीपर्यंत चालत जा.