टीबीच निघू दे

थुंकी आणि बेडका यांतला फरक मी अख्ख्या गावाला शिकवला आहे. आशाताई म्हणून माझं ते कामच. चुडाव्याजवळच्या आमच्या गावात कुणाचा खोकला लांबला की मी तपासणीची डबी घेऊन त्याच्या दारात हजर. "तोंडातलं पाणी नको, छातीतलं काढा," असं मी इतक्यांना दटावलंय, की काही म्हातारे मला लांबून बघूनच खोकला दाबतात.

त्या सकाळी ती डबी माझ्या लेकीच्या हातात होती.

लेक चौदा वर्षांची. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्मापासूनचा आजार, छातीत कफ डिंकासारखा चिकटून बसतो आणि घामातून मीठ जातं. घरात शेळ्यामेंढ्या. ती लहान असताना करडं तिचेच हात चाटत बसायची. जनावराला माया कळते, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. पुढं मोठ्या दवाखान्यात तिच्या घामाची तपासणी झाली, तेव्हा कळलं की ते मीठ होतं. डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या आणि मला त्या करडांचा राग येत होता. कुणाचा तरी यायलाच हवा होता.

यंदा तिचं वजन उतरलं, बारीक ताप राहू लागला. बेडका तपासला तर त्यात जंतू दिसले. लेकीला बाहेर बाकावर बसवून बाईंनी मला आत बोलावलं.

"हा टीबीचा असेल, नाहीतर त्याच्याच भावकीतला दुसरा," त्या म्हणाल्या. "तो माती-पाण्यात राहतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण हिच्यासारख्या छातीत ठाण मांडतो. मशीनवर नीट निकाल लागला नाही. पुन्हा नमुना द्या, आम्ही जंतू वाढवून बघतो. काही आठवडे लागतील."

"अन् दुसराच निघाला तर?"

"टीबी बरा करता येतो, ते तुम्हाला माहीत आहेच. या दुसऱ्याची औषधं जड असतात, वर्षाच्या वर चालतात. तरी प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. आणि हिची फुप्फुसं आधीच थकली आहेत."

नवरा तेव्हा मेंढरांमागं रानात होता. घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या कानात फक्त टीबी हा शब्द राहिला.

नमुन्याच्या आधी चूळ भरायला बोअरचं पाणी वापरू नका, असं बाईंनी बजावलं होतं. तो दुसरा जंतू पाण्यातूनही डबीत शिरू शकतो म्हणे. मी पाणी उकळून गार केलं. मग अंगणातल्या बोअरच्या पाण्याच्या हौदाकडं नजर गेली. याच पाण्यानं मी तिला इतकी वर्षं न्हाऊ घातलं होतं. साध्या पाण्याची मला भीती वाटायला लागली.

लेकीनं मिठाच्या पाण्याची वाफ घेतली, अंगणात उघड्यावर उभी राहिली आणि खोकू लागली.

"आई, तू तिकडं तोंड कर. तू बघायलीस तर येत न्हाई."

मी पाठ फिरवली. खोकला थांबेना. तिनं डबी दिली. हिरवट, घट्ट, अगदी हवा तसा नमुना. क्षणभर मला बरं वाटलं आणि लगेच स्वतःचा संताप आला.

नंतरचे आठवडे मी घरोघर फिरून सांगत होते, टीबीला घाबरू नका, औषधं पुरी घेतली की माणूस बरा होतो. इकडं घरात सासूबाई टीबी निघू नये म्हणून नवस बोलून बसल्या होत्या. मीही देवापुढं हात जोडत होते. मनात म्हणत होते, टीबीच निघू दे. कुठली आई असं मागत असेल? कुणाला सांगायची सोय नव्हती.

दवाखान्यात फोन नंबर नवऱ्याचा दिला होता. एका दुपारी तो मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून धापा टाकत घरी आला. हसत होता, डोळे ओले होते.

"टीबी न्हाई म्हणले."

सासूबाई लगबगीनं उठल्या आणि लेकीच्या हातावर मूठभर साखर ठेवली.

"आणखी काय म्हणले?" मी विचारलं.

"दुसरा कसला तरी जंतू हाय म्हणं, मातीतला. किरकोळ आसंल. पोरीला घिऊन या म्हणले."

लेक साखर चाटत माझ्याकडं बघत होती.

"आई, चांगलं झालं ना?"

तशी नवऱ्यानं आणि सासूबाईंनीही माझ्याकडं पाहिलं. दवाखान्यातलं घरात मलाच कळतं. तिच्या ओठांना साखर चिकटली होती. मी ती पदरानं पुसली आणि म्हणाले, "खा आधी."