घोटा माझा, गाऱ्हाणी मित्रांची

माझा पाय मोडला तेव्हा माझे दोन जिवलग मित्र शेजारी उभे राहून हसत होते. (तीस वर्षांची दोस्ती; तेवढा हक्क असतोच!)

कोळवणला बबनच्या सासऱ्यांच्या शेतावर मटणाचा बेत होता. बबन, सुरेश आणि मी, तिघेही भुकूमचे. खाचराच्या बांधावरून ऐटीत चालताना मी घसरलो आणि चिखलात आडवा झालो. घोट्यात कट्टकन वाजलं.

"लई लागलं का रं?" सुरेशनं विचारलं.

"छ्या! कुटं काय?" डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण पुरुषासारखा पुरुष मी, कळ आली म्हणून सांगू?

आणि त्यांनी चक्क विश्वास ठेवला! माझा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि "ये मग सावकाश" म्हणून दोघं मटणाकडे गेले.

तेवढ्यात बायकोचा, शोभाचा फोन. मी फक्त "हॅलो" म्हणालो.

"कुटं पडलात?"

"न्हाई गं, काय न्हाई..."

"हात का पाय?"

"...पाय."

पाऊण तासात ती स्कूटरवरून हजर! आधी मला झापलं, ओढणीनं घोटा आवळला, मग मित्रांना बोलावून घेतलं. "माणूस हितं लोळतोय आन् तुमी नळ्या फोडताय?"

सुरेशनं मान खाली घातली. "चुकलं, वयनी. डोकंच ठिकाणावर न्हाई. दोन म्हैनं झालं, बायको माहेरी हाय."

"काय?" मी चिखलातूनच ओरडलो. रोज सकाळी टपरीवर तासभर आम्ही सोबत चहा पितो! "मला बोलला न्हाईस!"

"तू इचारलंस कवा?"

(खरं होतं. तो तास क्रिकेट आणि जमिनीच्या भावात जायचा.)

आता बबनलाही कंठ फुटला. "वयनी, माज्या छातीत धडधडतंय. डॉक्टर तपासणी करा म्हणत्यात. भ्या वाटतंय."

शोभा बांधावर टेकली. कधीपासून, रात्री झोप लागते का, सोबत कोण जाणार, सगळं विचारलं. इकडे माझा घोटा भोपळ्याएवढा झालेला, आणि माझा नंबर तिसरा!

शोभाच्या एका फोननं सुरेशची बायको परत आली. बबनची तपासणी शोभानंच सोबत जाऊन करवली. काही निघालं नाही. मला सहा आठवडे प्लास्टर. दोघं रोज मला 'बघायला' यायचे.

एकदा दारातूनच बबन म्हणाला, "वयनी हायेत का?"

"बाजाराला गेलीय. बसा की!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग उद्या येतो."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. शोभा घरात नसताना आम्ही तिघं बोलणार तरी काय!