जावईबापूंचं पान

भाऊबीज, सकाळी साडेदहाची वेळ, रोह्याजवळच्या निडीतलं आमचं घर. हजर: काका, काकी, ताई, मी आणि जावईबापू. रक्कम तीनशे दहा रुपये. एवढे पैसे मोजून जावईबापूंनी रोह्याहून एक खोकं आणलं होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि काकीला सांगितलं, की यात बदामाचं दूध आहे, आजपासून माझा चहा याचाच करायचा.

काकीने खोकं कानाशी नेऊन हलवलं. "बदामाला आचळं कधी फुटली?"

"मी व्हेगन झालोय, काकी. आणि ग्लुटेन-फ्री."

"हे कंपनीत केलंनी व्हय तुमाला?"

जावईबापू रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज. त्यांनी शिफ्टची सूचना वाचावी तशी यादी ऐकवली. दूध, दही, तूप, अंडं, मासळी, मटण बंद. गहू, मैदा, रवा बंद. मागच्याच भाऊबीजेला याच माणसाने कोलंबीच्या कालवणात बुडवून सात पोळ्या खाल्ल्या होत्या आणि वर खरवस मागितला होता. काकाला ऐकू कमी येतं असं तो म्हणतो. त्या दिवशी मात्र तो पेपर बाजूला ठेवून नीट ऐकत होता.

खरी गोष्ट अशी, की जावईबापूंना काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ताईला. तिच्या आतड्याला गहू सोसत नाही. डॉक्टरांनी गहू जन्मभर बंद केला होता आणि दूध पचत नाही म्हणून तेही बंद केलं होतं. मासळी आणि अंडं तिने शाळेत असतानाच सोडलेलं. ती इतकी वाळली होती, की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. असंच चाललं तर ही बाई टिकणार नाही, असं डॉक्टर जावईबापूंना बाजूला घेऊन म्हणाले होते.

ताईने हे सगळं काकीला आधी सरळ सांगून पाहिलं होतं. आमची आई लवकर गेली. आम्हा दोघांना काकीनेच वाढवलं, तेव्हा तिला सांगायला लाज कसली. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि ताईच्या पानात पोळी वाढली. "याच पोळ्या खाऊन वाढलीस ना गो? सासरी गेलं की पोटं नाजूक होतात व्हय? एवढ्याशानं काय होतंय." ताईला तिचा शब्द मोडवला नाही. तीन दिवस ती रोह्याला सलाइनवर होती. काकी तिला बघायला आली ती गव्हाच्या पिठाचे, साजूक तुपातले लाडू घेऊन. अंगात ताकद यावी म्हणून.

त्या दवाखान्याच्या पायरीवर जावईबापूंनी मला विचारलं, "हिशेबनीस, तुमच्या घरात लेकीसाठी वेगळं भांडं चढेल का?"

मी पेणला एका पतसंस्थेत हिशेब बघतो, म्हणून त्यांच्या तोंडी माझं नाव हिशेबनीस. मी खरं ते उत्तर दिलं. नाही चढणार.

"आणि जावयासाठी?"

याला हिशेबाची गरज नव्हती. जावई म्हणाला असता, की मला चंद्रावरची भाजी लागते, तर काकीने काकाला शिडी आणायला धाडलं असतं.

"मग ठरलं," ते म्हणाले. "आजपासून पोट माझं बिघडलं. आणि मराठीत बिघडवायचं नाही. आजार म्हटलं की नखरे म्हणतात. इंग्रजी नाव सांगितलं की पाट मांडतात."

बाकीची सोय आमच्या घराच्या रीतीने आपोआप केली. काकीच्या घरात अजून पुरुष आधी जेवतात, आणि बायको नवऱ्याच्या पानात बसते. गावातल्या इतर घरांतून हे कधीच गेलं. काकीने ते जपून ठेवलंय. तेव्हा जावयासाठी जे शिजेल ते ताईच्या पोटात जाणार, एवढंच बघायचं होतं. दोघं दर आठवड्याला दोन दिवस निडीला येत. जावईबापू भरपूर मागून घेत, निम्मं खात आणि उठत. ताई म्हणे, "टाकायचं कशाला, मी खाते." काकी शेजारणींना सांगे, बघा, कशी काटकसरी निघाली आमची पोर.

बदामाचं दूध पहिल्याच चहाला फाटलं. काकीने चमचाभर चाखलं आणि म्हणाली, भिंतीच्या चुन्याला याहून चव असेल. मी सांगितलं, की तीनशे दहाला लिटरभर हे पाणी आणण्यापेक्षा तीस रुपयांचा नारळ फोडावा. काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पथ्य तिला कळलं नव्हतं, पण आव्हान कळलं. रोह्याच्या बाजारातल्या खोक्यावाचून जावई उपाशी राहील, हे तिला खपणारं नव्हतं. दुपारी पानात तांदळाची भाकरी, नारळाच्या वाटणातलं कडव्या वालांचं बिरडं आणि नारळ-गुळाच्या रसात सोडलेली तांदळाच्या शेवयांची शिरवाळी आली. दुसऱ्या दिवशी घावन, हळदीच्या पानातले पातोळे. जावईबापूंना हवं होतं ते सगळं तिच्या हातात जन्मापासून होतं. ते नुसतं जावयाच्या तोंडून मागितलं जायचं बाकी होतं.

तुपावरून मात्र महिनाभर भांडण चाललं. काकीचं म्हणणं, "तूप म्हंजे दूध नाय. तूप हाय."

"तूप दुधातूनच येतं ना, काकी?"

"तुमी पण तुमच्या आईपासून आलात. म्हणून काय तुमी बाई झालात?"

जावईबापूंनी पानावर आडवा हात धरला आणि तो हात काढला नाही.

माणूस चांगला असला तरी त्याला सोंग फार चढायचं, हेही लिहिलं पाहिजे. पोळीचा वास आला की ते शिंकत. कुणी बिस्किट पुढे केलं तर विंचू दाखवल्यासारखे मागे सरत. ओटीवर बसून गावातल्या लोकांना मैद्याची व्याख्यानं देत. पित्तापासून गुडघेदुखीपर्यंत प्रत्येकाला त्यांचं औषध एकच, गहू सोडा. शेजारच्या मास्तरांनी खरोखरच गहू सोडला आणि त्यांच्या बायकोने दोन महिने आमच्याशी बोलणं सोडलं. मी म्हटलं, "अहो, एवढं कशाला? ताईचं भागलं ना?" तर म्हणाले, "सासरवाडीत माझी जनरल शिफ्ट असते, हिशेबनीस. तोंडावर मास्क लावला की आठ तास लावायचा."

शिफ्ट संपली की मास्क उतरे. परतीच्या वाटेवर रोहा स्टेशनबाहेर उतरलं, की ते ताईला बाकावर बसवत आणि टपरीवर जाऊन दोन वडापाव आणि दुधाचा जाड चहा घेत. निम्म्या पोटावर दोन दिवस काढलेले असत. ताई लांबून बघत हसायची. मी एकदा त्यांच्यासोबत होतो. पावाचा शेवटचा घास गिळून ते म्हणाले, "हा ओव्हरटाइम."

एकदा पथ्याचं सगळं सांभाळूनही ताईचं पोट दुखायला लागलं. जावईबापू पेणला माझ्याकडे आले आणि आम्ही दोघं वाण्याच्या दुकानात डबे उलटेपालटे करून बारीक अक्षरं वाचत बसलो. हिंगाच्या डबीवर लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. जावईबापू डबीकडे बघतच राहिले. "म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची आमटी गव्हाची," ते म्हणाले. काकीला हे सांगितलं तेव्हा तिचा संयम संपला. "हिंगात गहू? उद्या मिठात म्हैस शोधाल." पण जावई म्हणतो म्हणून त्यांच्या भांड्यात हिंग पडायचा थांबला.

तिच्या मनात संशय मात्र बसला. हा माणूस ढोंगी आहे, असं तिला वाटू लागलं. तिचा संशय पूर्णपणे बरोबर होता, हीच यातली अडचण. गणपतीत तिने भाकरीच्या पिठात मूठभर कणीक मिसळली. जावईबापूंनी एक भाकरी चवीने खाल्ली, वर ढेकर दिला. काकी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बघ रे. गहू गेला पोटात नि माणूस ठणठणीत. सगळी थेरं."

मी आत धावलो. ताई त्यांच्या पानावर बसून जेवून उठली होती. पान पुसून स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीपाशी उलट्या काढत बसली होती. उठताना भिंत धरून उठली. काकी म्हणाली, "पित्त झालंय. आलं चघळ. बायकांचं व्हायचंच असं." रात्री तिला काही झालं नाही म्हणून मी सांगायचं टाळलं होतं, ते कणकेचं आता जावईबापूंना सांगितलं. तसेच ते आत गेले, ताईशेजारी चटई टाकून आडवे झाले आणि पोट धरून असे ओरडले, की समोरच्या घरातली माणसं ओटीवर आली. "काकी, मला काय घातलंत? मी चाललो. गाडी बोलवा, गाडी."

गाडी आली. दोघांना रोह्याला नेलं. डॉक्टरांनी ताईला सलाइन लावलं आणि जावईबापूंना बाहेर बसवलं. घरी काकीने देवापुढे कान धरले. "जावयाला मारला असता मी," ती दिवसभर म्हणत होती. संध्याकाळी तिने नवी परात, नवा तवा आणि नवी चाळण वेगळ्या फळीवर ठेवली आणि त्या फळीला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला. जावयाला काही झालं असतं तर तिला निडीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. लेकीला पित्त होतं, त्याबद्दल कोण कुणाला विचारतं.

त्यानंतर मात्र चूक झाली नाही. वर्षभरात ताईच्या बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या. मी म्हटलं, आता काकीला खरं सांगून टाकू. ताई म्हणाली, "ती जावयाला जपतेय, तिला बरं वाटतंय. मला काय, पोटात जाण्याशी मतलब." हे ती हसून म्हणाली आणि बांगड्या मनगटावर फिरवत बसली.

जावईबापू गेल्या पावसाळ्यात गेले. हृदय बंद पडलं. तेराव्याला काकीने स्वतः शिरवाळी केली आणि पाट्यावर नारळ वाटताना रडत म्हणाली, "एवढं पथ्य पाळलंनी बिचाऱ्यानी. काय उपेग झाला?" ताईने नारळाची दुसरी वाटी तिच्या हातात दिली.

या उन्हाळ्यात मुंबईला नोकरी करणाऱ्या काकीच्या मुलाचं लग्न रोह्याच्या एका हॉलमध्ये झालं. खर्चाचं सगळं माझ्याकडे होतं. आचाऱ्याशी बोलणी करायला निघालो तर काकीचा फोन आला, "जावयाचं वेगळं पान सांगू नको आता. उगा कशाला?" मी ते ताईला कळवलं आणि म्हटलं, मी माझ्या अधिकारात सांगतो. ती म्हणाली, "नको. या खेपेला मीच बोलते."

पंगतीत ताई भिंतीकडच्या टोकाला बसली. नवरा गेलेल्या बाईला आमच्याकडे कुणी मागे बस असं म्हणत नाही, पण पुढे बस असंही म्हणत नाही. पुऱ्या, श्रीखंड, मठ्ठा, हिंग घातलेली बटाट्याची भाजी. प्रत्येक वाढप्याला तिने हाताने पुढे धाडलं. पान कोरं राहिलं. काकी शालू सावरत आग्रह करत फिरत होती, ती तिच्यापाशी थांबली.

"काय गो सुमे, जेवत का नायस?"

"जेवायलाच बसलेय काकी. जावयाचं पान वाढा."

काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगो, ते आता कुठं हायत?"

"मी हाय ना. त्यांच्या पानातलं मीच जेवत होते. ह्यांना गहू चालायचा, दूधपण चालायचं. मला चालत नाय. पयल्यांदा तुमाला मीच सांगितलं होतं."

काकी पंगतीच्या वाटेतच उभी राहिली. मागचा वाढपी श्रीखंडाचं पातेलं घेऊन खोळंबला. ती एकेक आठवून विचारत होती.

"ती शिरवाळी?"

"मीच खायची."

"नि गणपतीतली भाकरी? कणकेची?"

"तीपण."

"मग चटईवर बोंबलत कोण होता?"

"ह्यांचं पोट ठणठणीत होतं."

"चोर मेला," काकी म्हणाली. मग तिने पदर खोचला आणि आचाऱ्याच्या मुदपाकखान्यात गेली. समोरच्या दुकानातून तांदळाच्या पिठाची बंद पिशवी मागवली, एक तवा राखेने घासून घेतला, पुन्हा घासला, आणि शालूवर पीठ उडवत भाकऱ्या थापायला बसली. बाहेर मुलीकडची मंडळी वरमाय कुठे गेली म्हणून शोधत होती. भटजी दोनदा डोकावून गेले. तिने मान वर केली नाही.

भाकऱ्या, नारळ घालून वेगळी केलेली भाजी आणि भात तिने स्वतः ताईच्या पानात वाढला आणि समोर उभी राहिली.

"खा. आन् उठायचं नाय सांगितल्याबिगर."

आचाऱ्याने वेगळा गॅस आणि तवा म्हणून बिलात शंभर रुपये जास्त लावले. मी ते लग्नखर्चात टाकत होतो. काकीने माझ्या हातातलं पेन बाजूला केलं, बटवा सोडला आणि शंभराची नोट आचाऱ्याच्या हातावर ठेवली.

"ह्ये धरू नको त्यात," ती मला म्हणाली. "ह्ये माझ्या लेकीच्या जेवणाचं."