तारीखवाला

बैलगाडी टेंभुर्णीच्या शिवाराबाहेर निघाली तवा माझ्या अंगात काळी शेरवानी होती, आन घामानं मी आतून भिजून गेल्तो. बाप म्हणला, "काढ ती, जालन्यात घाल." मी काढली न्हाई. धनगराचं पोरगं कालेजात चाललंय, हे रस्त्यानं दिसायला पाहिजे होतं.

माझी बायको गिरजा बांधावर मेंढरांत उभी होती. लग्नाला वरीस झालेलं. सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायची सोय न्हाई, म्हणून तिनं एका कोकराचा कान धरला आन मोठ्यानं त्यालाच दटावलं, "जाय बाबा, पर गुंड्या तोडू नको!" कोकराला कुठल्या आल्या गुंड्या? बापसुद्धा गालात हसला. शेरवानी म्हणजे तिच्या बापानं आहेरात दिलेलं कापड, जालन्याच्या शिंप्यानं शिवलेलं. त्यानं लावलेल्या गुंड्या ढिल्या म्हणून हिनं पुन्हा लावल्या, आपल्या मेंढरांच्या लोकरीच्या धाग्यानं. काळ्या कापडावर पांढरा धागा. स्टेशनावर बाप एवढंच बोलला, "शिकून ये. न्हाई जमलं तर काठी हितंच हाये."

गावात राहिलेल्यांनो आन माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुमच्यासाठी हे लिहून राह्यलो. माझी वरची शाळा उर्दूत झाली. मराठी शुद्ध लिहायला मला कुणी शिकवलं न्हाई. चुका दिसल्या तर दिसू द्या.

औरंगाबादचं ते सरकारी कालेज म्हणजे निजामाचं राज्य. दगडी इमारत, गेटावर जमादार. शेरवानी आन टोपी असल्याशिवाय आत पाय न्हाई. नाव पुकारलं की "हाजिर जनाब" म्हणायचं. बीजगणिताला जबरोमुकाबला म्हणायचे आन नावासारखंच ते अंगावर यायचं. बोर्डिंगात आमची हिंदूंची खानावळ वेगळी, आन त्या खानावळीतबी माझं पान पंगतीच्या पलीकडं. निजामाला शिव्या देताना सगळे एक. जेवायला बसताना मी धनगर.

एक विषय मात्र मला आवडायचा. इतिहास. उर्दूत त्याला तारीख म्हणतात. म्हातारे मौलवीसाहेब बादशहांच्या गोष्टी अशा सांगायचे की जसं शेजारच्या घरातलं भांडण सांगून राह्यलेत. सुट्टीत गावी गेलो तवा गिरजानं बायांना सांगितलं, "ते तारीख शिकून राह्यलेत." गावाला काय ठाऊक, तारीख म्हणजे काय ते! पारावर मला धरून विचारायला लागले, "मंग सांग की, आवस कवा हाय? नागपंचमी कवा?" माझं नावच पडलं, तारीखवाला. तवा त्या नावात माया होती. मीबी हसायचो.

बोर्डिंगात माझ्या खोलीत विनायक होता, जाफराबादकडच्या देशमुखाचा पोरगा. बोलायला गोड. पहिले माझ्या पांढऱ्या धाग्याला हसायचा, मंग दोस्त झाला. वर्षाची परीक्षा आली. एका दिवशी त्याचा पेपर सकाळी, माझा तारीखचा पेपर दुपारी. त्याची शेरवानी धोब्याकडं, आन धोबी आलाच न्हाई. तो म्हणला, "म्हसू, तुझी दे. माझा पेपर संपला की पळत आणून देतो. आईशप्पथ." दिली मी. दोस्ताला न्हाई कसं म्हणायचं?

धोतर-सदऱ्यात मी गेटाशी उभा राहिलो. सकाळची पोरं बाहेर आली, त्यात तो दिसला न्हाई. दुपारची पोरं आत गेली. जमादार मला ओळखत होता. म्हणला, "बेटा, मैं क्या करूं, हुक्म है." घंटा झाली. त्यानं गेट लावलं आन तोंड दुसरीकडं केलं. आतमध्ये मौलवीसाहेबांचा पेपर, आन मला सगळा येत होता. सगळा.

दिवे लागल्यावर विनायक खोलीत आला. केस ओले. पेपर सोपा गेला म्हणून लवकर सुटून पोरांबरोबर विहिरीवर पोहायला गेल्ता. शेरवानी खांद्यावर. मला बघून म्हणला, "अरे! विसरलोच की मी!" एवढंच. मंग आरशापुढं उभा राहून भांग पाडायला लागला.

एका पेपरापायी मी नापास झालो. बाप म्हणला, "येक वरीस तुझ्याबिगर काढलं. दुसरं न्हाई निघत." संपलं कालेज. गावात पाऊल टाकलं तर पारावरून आवाज, "तारीखवाल्याची तारीख चुकली रं!" नाव तेच, पण आता त्याला धार आल्ती. मी मान खाली घालून मेंढरामागं जायचो. गिरजाला ते सहन होईना. आडावर माझा चुलतभाऊ तिला म्हणला, "वैनी, इचार ना तुझ्या पंडिताला, आवस कवा हाय?" हिनं भरली घागर त्याच्या डोक्यावर पालथी केली. "हसायचं तर जाफराबादेला जा, त्या देशमुखाच्या पोराला हस!" घरी येऊन मला म्हणली, "चला हितून. तुमाला हसतेत त्या गावचं पानी मला नको."

गाव मी न्हाई सोडलं. तिनं सोडवलं.

आलो पुन्हा औरंगाबादेलाच. कापडाच्या गिरणीत लागलो. भोंगा, शिफ्ट, मस्टर, ओव्हरटाईम, हे शब्द पाठ झाले. तीन कोस मोकळ्या रानात फिरणारी बाई पत्र्याच्या एका खोलीत राहिली. पहिले सहा महिने तिला झोपच न्हाई, कारण मेंढरांचा आवाज न्हाई. तरी एकदा बी म्हणली न्हाई, परत जाऊ. अठ्ठेचाळीस साली निजाम गेला. शेरवानीची सक्ती गेली. गिरणीतून येताना बघितलं, उघड्या गळ्याचे शर्ट घालून पोरं त्याच गेटातून हसत आत चालल्ती. मी तिथं उभा राहून थुंकलो.

गिरजा जाऊन आता वरीस झालं. मागच्या महिन्यात कालेजच्या जुन्या पोरांचा मेळावा होता. सूनबाई म्हणली, "जा मामा, तेवढंच मन रमंल." गेलो. स्टेजवर विनायकराव. वकिलीत मोठं नाव काढलं त्यानं, आता काठी घेऊन चालतो. मला बघितलं आन माईकवरून सांगायला लागला. एक शेरवानी, दोन दोस्त, सकाळी मी, दुपारी हा. मंग म्हणला, "घंटा व्हायला क्षणभर अवकाश, मी धावत आलो, गेटातच ह्याच्या अंगावर शेरवानी चढवली आणि ह्याला आत ढकललं! अशी होती आमची दोस्ती!" टाळ्या. पोरी डोळे पुसून राह्यल्या.

मी उठलो. माईक हातात घेतला. म्हणलो, "तू आला न्हाईस, विनायका. तू पोहायला गेल्तास."

सगळा हॉल हसला. मला वाटलं समजंल, पण त्यांना वाटलं म्हातारा विनोद करून राह्यला. पुन्हा टाळ्या. विनायकानं माझ्या पाठीवर थाप मारली, "म्हसू, अजून तसाच रे तू!" तो खोटं बोलत नव्हता. मी त्याचे डोळे बघितले. तो खरंच विसरला होता. पहिले शेरवानी विसरला, मंग मला बाहेर उभं केलेलं विसरला. खोटारड्याला पकडता येतं. ह्याला कुठं पकडू?

सत्काराची शाल खुर्चीवर ठेवून मी निघालो. घरी आलो, सून म्हणली, "कसं झालं मामा?" मी म्हणलो, "चांगलं झालं." ती भाकरी थापायला गेली. तिचा काय दोष? तिला ठाऊकच न्हाई.

गिरजा असती तर दारातच माझं तोंड बघून म्हणली असती, "कोन हसलं?" आन पायात चप्पल घातली असती. जन्मभर मी तिला म्हणत राहिलो, जाऊ दे गं, सोड. सोडायला मला परवडायचं, कारण माझ्या वाटचा राग ती धरून बसायची. टेंभुर्णी घर होतं का? न्हाई. ती पत्र्याची खोली घर होती का? ती रागानं लाल होऊन चुलीपुढं बडबडायची आन मी निवांत जेवायचो, तेवढं घर होतं. आता चांगल्या विटांचं, स्लॅबचं घर हाय, नळ हाय, पंखा हाय. पण विनायकावर चिडायला ह्या घरात माझ्याबिगर कुणी न्हाई, आन मला चिडायची सवय न्हाई.